फौजी शर्ट : अस्सल कोणता, नक्कल कोणती?

जुन्या कपड्यांचा आपल्याकडचा हिशेब सरळ असतो. अंगावरचा सदरा विटला की तो घरात घालायचा, घरात फाटला की शेतात-बागायतीत घालायचा, तिथेही टिकेनासा झाला की त्याची फडकी करायची. जे उरले ते गोधडीत जायचे, नाहीतर बोहारणीच्या बोचक्यात. कपडा जितका जुना तितके त्याचे मोल कमी, हा नियम आपल्या आज्यांनी कधी मोडला नाही. पण जगात एक बाजार असा आहे, जिथे हा हिशेब नेमका उलटा चालतो. कॉलर विरलेली, रंग उडालेला, खिशावर कुणा अनोळखी माणसाच्या नावाची पट्टी, असा शर्ट तिथे कोऱ्या शर्टापेक्षा जास्त भावाने विकला जातो. आणि त्याहून गंमत म्हणजे, त्या जुन्या शर्टाची हुबेहूब नक्कल करून विकणारे कारखाने आहेत आणि त्यांची नक्कल बऱ्याचदा अस्सलापेक्षाही महाग असते!

हा बाजार जुन्या लष्करी शर्टांचा. अमेरिका, युरोप आणि विशेषतः जपान ही त्याची मोठी ठिकाणे. जुना अस्सल शर्ट घ्यावा की नवी नक्कल घ्यावी, यावर तिथले शौकीन तासन् तास वाद घालतात. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण थोडे खोलात गेले की त्यात इतिहासाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला दिसतो. वस्तू 'अस्सल' आहे म्हणजे नेमके काय आहे? आणि या शर्टांच्या गोष्टीत हिंदुस्थानचा वाटा इतका मोठा आहे की हा वाद केवळ परक्यांचा म्हणून सोडूनही देता येत नाही.

सुरुवात रंगापासून करू. 'खाकी' हा शब्द फारसीतल्या 'खाक' म्हणजे धूळ, माती यावरून आला. लाल अंगरखे घालून लढणाऱ्या इंग्रजांना धुळीचा रंग सुचला तो हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर. १८४६ च्या डिसेंबरात हॅरी लम्सडेन याने पेशावरला 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली आणि तिला डोंगरमातीत मिसळून जाईल असा मातकट पोशाख दिला. पुढे १८५७ च्या उठावात उन्हाळ्याने आणि गोळ्यांनी हैराण झालेल्या गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यात, शाईत, जे हाताला लागेल त्यात बुडवून मळकट करून घेतले. म्हणजे खाकी हा आरंभी ठरवून काढलेला एक रंग नव्हताच. दर पलटणीचा वेगळा, दर धुण्याला बदलणारा!

ही अडचण सुटली ती रसायनाने. मँगलोरला बासेल मिशनने विणकामाचा कारखाना चालवला होता. तिथल्या हॅलर नावाच्या जर्मन विणकराने स्थानिक वनस्पतींपासून खाकी रंग तयार केला, असे मँगलोरकडे आजही सांगतात. परंतु धुण्याला, उन्हाला आणि घामाला दाद न देणारा पक्का खनिज रंग इंग्लंडमधल्या गॅटी या रंगाऱ्याच्या नावावर १८८४ मध्ये पेटंट झाला, आणि त्यानंतर खाकी खऱ्या अर्थाने सैन्याचा रंग बनली. १९०२ मध्ये ब्रिटिश लष्कराने मायदेशातल्या पोशाखासाठीही ती स्वीकारली. पेशावरच्या धुळीने लंडनपर्यंत मजल मारली ती अशी.

आता मूळ प्रश्नाकडे. कपडा जेव्हा एका माणसासाठी शिवला जातो, तेव्हा त्याचे 'मूळ' शोधणे सोपे असते. पण लष्करी शर्ट एका माणसासाठी शिवला जातच नाही. ब्रिटिशांकडे 'सीलबंद नमुना' नावाची पद्धत होती. मंजूर झालेल्या प्रत्येक कपड्याचा एक नमुना लाखेची मोहोर लावून सरकारी वखारीत ठेवायचा, आणि ठेकेदारांनी त्याबरहुकूम हजारो नग शिवून द्यायचे. अमेरिकेत तेच काम कागदावरच्या तपशिलाने होई. कापडाचे वजन किती, इंचाला टाके किती, गुंडी कशाची, काजाची लांबी किती, सगळे लेखी. त्या कागदावरून वेगवेगळ्या राज्यांतले वेगवेगळे कारखाने शर्ट शिवत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सैनिकाच्या अंगावर चढलेला प्रत्येक शर्ट ही मुळात एक नक्कलच होती! मूळ होते ते लाखेच्या मोहोरेखाली किंवा फायलीत. मग आज एखाद्या जपानी कारखान्याने तोच तपशील काढून, तशाच वजनाचे कापड विणून, तेवढेच टाके घालून शर्ट शिवला, तर त्याला नक्कल म्हणायचे आणि १९६५ च्या ठेकेदाराच्या शर्टाला अस्सल म्हणायचे, ते कोणत्या आधारावर?

उत्तर आहे, आणि ते शर्टाच्या आतल्या बाजूला शिवलेले आहे. ते वाचायला शिकण्यासाठी एकच शर्ट उदाहरणादाखल घेऊ.

अमेरिकन लष्कराचा 'ओजी-१०७' हा शर्ट या बाजारातला सगळ्यांत ओळखीचा माल. ओजी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, आणि १०७ हा त्या छटेचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपाई कष्टाच्या कामासाठी जे कपडे घालत, त्यांची वीण माशाच्या काट्यासारखी तिरपी-उलट तिरपी असे. बांगडा सोलून मधला काटा हातात धरावा, अगदी तशी. कोरियाचे युद्ध चालू असताना, १९५२ मध्ये, त्यांच्या जागी हा सुती साटिनचा शर्ट आला आणि १९८० च्या दशकापर्यंत सैन्यात राहिला. साधा, समोर दोन खिसे, पुढे गुंड्या. त्यात दिखाऊ असे काही नाही. सुरुवातीच्या शर्टांच्या बाहीला मनगटाशी गुंडीची पट्टीच नव्हती, सरळ कापलेली बाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून गुंडीची पट्टी आणि खिशाला टोकदार झाकण आले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून शुद्ध सुती कापड जाऊन निम्मे पॉलिएस्टर आले. आपल्याकडे टेरिकॉट घरोघर शिरले, साधारण त्याच सुमाराची ही गोष्ट. इस्त्रीचा त्रास कमी झाला, पण शौकिनांच्या लेखी शर्टाचा जीव गेला.

हे झाले बाहेरून. आत कॉलरखाली किंवा शेपटाला एक कापडी चिठ्ठी असते, आणि ती म्हणजे या शर्टाची जन्मपत्रिका. तिच्यावर कराराचा क्रमांक असतो. त्याच्या आरंभी 'डीएसए' ही अक्षरे असतील तर शर्ट १९६० च्या दशकारंभापासून १९७७ च्या आसपासपर्यंतच्या काळातला. कारण 'डिफेन्स सप्लाय एजन्सी' हे खाते १९६१ मध्ये निघाले आणि १९७७ च्या आरंभी त्याचे नाव बदलून 'डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी' झाले. नंतरच्या चिठ्ठ्यांवर म्हणून 'डीएलए' येते. या कराराच्या क्रमांकातलेच दोन आकडे कराराचे आर्थिक वर्ष सांगतात. ६९ असेल तर १९६९. अर्थात हे कराराचे वर्ष, शिवण्याचे नव्हे. प्रत्यक्ष शर्ट पुढच्या वर्षीही शिवला गेलेला असू शकतो.

त्याच चिठ्ठीवर दुसरा एक लांबलचक क्रमांक असतो, वखारीतला माल ओळखण्याचा. तो ८४०५ ने सुरू होतो, कारण पुरुषांच्या बाहेरच्या कपड्यांचा वर्ग ८४०५. १९७४ पर्यंत हा क्रमांक ११ आकडी होता, नंतर मध्ये दोन आकड्यांची भर पडून तो १३ आकडी झाला. त्यामुळे कुणी 'व्हिएतनाममधला १९६८ चा शर्ट' म्हणून १३ आकडी क्रमांकाचा शर्ट पुढे केला, तर आकडे मोजावेत आणि नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे!

माणसाने अंगावर घातलेल्या वस्तूचा इतका काटेकोर दाखला आपल्याला क्वचितच मिळतो. आपल्या देवळांतल्या मूर्तींचा, वाड्यांतल्या खांबांचा काळ ठरवताना अभ्यासकांची वर्षे जातात. इथे एका साध्या शिपायाचा शर्ट आपला काळ स्वतःच सांगतो. १९६५ च्या ठेकेदाराच्या शर्टाला अस्सल म्हणायचे ते याच आधारावर. तो चांगला शिवला म्हणून नाही, कधीकधी तर तो वाईटच शिवलेला असतो. तो त्या काळात, त्या कामासाठी तयार झाला आणि त्या काळाने त्याच्यावर आपली खूण ठेवली, म्हणून तो अस्सल. अस्सलपण कारागिरीत नसते. ते घडलेल्या घटनेत असते, आणि घटना पुन्हा शिवता येत नाही.

या शर्टाच्या आयुष्यात मग एक वळण आले, ज्याची कोणत्याही तपशिलात तरतूद नव्हती. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी तो युद्धाच्या विरोधात घातला. १९७१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला या माजी सैनिकांनी मोठे आंदोलन केले, आपली पदके संसदेच्या पायऱ्यांकडे भिरकावून दिली. त्यांच्यातलाच एक तरुण, जॉन केरी, २२ एप्रिलला सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेला तो कोट-टाय घालून नव्हे, असाच हिरवा फौजी शर्ट घालून आणि त्यावर आपल्या पदकांच्या फिती लावून. हाच गृहस्थ पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन लेननने गाणी म्हटली, तेव्हा त्याच्या अंगावर एका खऱ्या सार्जंटचा शर्ट होता, बाहीवर हुद्द्याच्या पट्ट्या आणि छातीवर त्या सार्जंटचे नाव तसेच ठेवलेले.

गोव्यात त्या काळात हणजुणेच्या किनाऱ्यावर जे हिप्पी येऊन राहिले, तेही याच लाटेवरचे. पैसे संपले की अंगावरचे, सामानातले काहीबाही विकून मुक्काम वाढवायचा, यातूनच तिथला बुधवारचा बाजार उभा राहिला हे आपण जाणतोच. युद्धाला नकार देणाऱ्यांच्या अंगावर युद्धाचाच कपडा, हे दृश्य त्या पिढीला विसंगत वाटत नव्हते. उलट तेच त्यांचे म्हणणे होते.

आज गंमत अशी, की लेननच्या त्या शर्टाचीही नक्कल मिळते. हुद्द्याच्या पट्ट्यांसह, पलटणीच्या बिल्ल्यासह, आणि त्या सार्जंटच्या नावाच्या पट्टीसह! एका जिवंत माणसाला सैन्याने दिलेली नावाची पट्टी आता कारखान्यात मशीनवर शेकड्यांनी निघते. इथे मात्र मला नक्कल थोडी खुपते. कापड, टाके, गुंडी यांची नक्कल करणे वेगळे आणि माणसाच्या नावाची नक्कल करणे वेगळे.

पण नक्कल करणारे सगळे सारखे नसतात. जपानची गोष्ट तर मुळीच धुडकावण्यासारखी नाही. युद्धात हरलेल्या जपानवर अमेरिकन फौजा ठाण मांडून बसल्या, तेव्हा टोकियोत उएनो स्टेशनजवळच्या आमेयोको या काळ्या बाजारात अमेरिकन लष्कराचा जुना माल येऊ लागला. थंडीत अंग झाकायला तो घेणारे लोक होते. पुढच्या पिढीला त्याच कपड्यांची भूल पडली. जेत्याचा कपडा आधी गरज म्हणून आला, मग शौक म्हणून राहिला आणि शेवटी विद्या बनला. १९८० आणि ९० च्या दशकांत 'रिअल मॅकॉय्ज', 'बझ रिक्सन्स' अशा कंपन्या निघाल्या, त्यांचे कामच मुळी जुन्या अमेरिकन लष्करी कपड्यांची तंतोतंत पुनर्निर्मिती करणे. जुना शर्ट उसवायचा, सूत मोजायचे, कापडाचे वजन घ्यायचे, तसे कापड बाजारात नसेल तर पुन्हा विणवून घ्यायचे, तशा गुंड्या पाडून घ्यायच्या. ज्या बारकाव्यांकडे मूळ ठेकेदाराने 'चालतंय' म्हणून दुर्लक्ष केले असेल, तेही हे लोक प्रामाणिकपणे जपतात. मूळ शर्ट कमीत कमी भावाची निविदा भरणाऱ्याने शिवलेला, आणि नक्कल मात्र वेळ-पैसा न बघता शिवलेली. नक्कल महाग का, याचे उत्तर यात आहे.

बझ रिक्सन्सची एक कथा तर प्रसिद्धच आहे. विल्यम गिब्सन या कादंबरीकाराने २००३ मध्ये आलेल्या 'पॅटर्न रेकग्निशन' या कादंबरीत आपल्या नायिकेला या कंपनीचे काळ्या रंगाचे एमए-१ विमानी जाकीट घातले. पण तसे काळे जाकीट कंपनी करतच नव्हती! वाचकांची मागणी येऊ लागली आणि मग कंपनीने ते खरोखर काढले. म्हणजे जे मूळ कधी नव्हतेच त्याची नक्कल तयार झाली. अस्सल-नक्कल या शब्दांची इतकी फजिती दुसरीकडे कुठे झाल्याचे मला ठाऊक नाही.

या प्रामाणिक नक्कलकारांची चिठ्ठी आपल्या कंपनीचे नाव सांगते. शर्ट नवा आहे हे ती लपवत नाही. खरा धोका तिसऱ्याच प्रकाराचा. नवा शर्ट घ्यायचा, चहाच्या पाण्यात उकळायचा, कोपर-कॉलर काचकागदाने घासायची, खोटी चिठ्ठी लावायची आणि जुना म्हणून खपवायचा. किंवा शर्ट खरा जुना, पण कोरा आणि बेनाम, म्हणून स्वस्त. त्याच्यावर नामांकित पलटणीचा बिल्ला आणि नावाची पट्टी शिवायची, की भाव कित्येक पट. ही नक्कल नव्हे, ही इतिहासाची बनावट सनद. आपल्याकडे वतनाच्या खोट्या सनदा तयार करणारे होते, त्याच जातकुळीतले हे.

सनद तपासावी तसा शर्टही तपासता येतो. बिल्ल्याची कड हळूच उचलून खालचे कापड पाहावे. बिल्ला पहिल्यापासून असेल तर त्याच्याखाली मूळ गडद रंग शाबूत असतो. खालचे कापडही बाहेरच्याइतकेच उडालेले असेल तर बिल्ला काल-परवा आला. बिल्ला शिवलेला दोराही कापडाबरोबरच म्हातारा झालेला हवा. अंधारात जांभळ्या अतिनील दिव्याखाली शर्ट धरला तर नव्या काळचे पॉलिएस्टरचे दोरे बऱ्याचदा पांढरे-निळे चमकतात, जुना सुती दोरा सहसा तसा चमकत नाही. मात्र ही कसोटी एकटी पुरेशी नाही. आजच्या साबण-पावडरींत उजळपणाची रसायने असतात, त्यामुळे अलीकडे धुतलेला जुना शर्टही चमकू शकतो. झीज कुठे आहे तेही पाहावे. माणूस कॉलरच्या घडीला, बाहीच्या कडेला, खिशाच्या तोंडाला झिजवतो. काचकागद सगळीकडे सारखाच घासतो. माणसाच्या हालचालीची नक्कल करणे अजून कारखान्याला नीट जमलेले नाही.

मग घ्यावे काय? याचे उत्तर शर्ट कशासाठी हवा यावर आहे. रोज अंगावर घालून फिरायचे असेल तर चांगली नक्कल घ्यावी, हे माझे स्पष्ट मत. जुने सुती कापड घामाने आणि साबणाने आतून कुजलेले असते, पन्नास-साठ वर्षांचा दोरा एका धुण्यात तुटतो. शिवाय त्या काळी सैनिकांचे मोजमाप वेगळे होते आणि उकळून-धुऊन शर्ट आटलेला असतो, त्यामुळे चिठ्ठीवर 'मोठा' लिहिलेला शर्ट आजच्या मध्यम माणसालाही काखेत दाटतो. नाटका-सिनेमावाल्यांनी तर जुन्याला हातच लावू नये. एका लढाईच्या दृश्यासाठी खरा जुना शर्ट रक्ताच्या रंगात बुडवणे म्हणजे जुने बाड शेकोटीला लावण्यासारखे. स्पिलबर्गच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'साठी (१९९८) हजारो गणवेश नव्याने शिवून मग जुने दिसतील असे केले गेले, तीच रीत योग्य.

पण अभ्यासासाठी, आठवणीसाठी, संग्रहासाठी हवा असेल तर अस्सलच हवा, फाटका असला तरी. आणि मग तो सांभाळणेही आले. आपल्या गोव्या-कोकणच्या हवेत हे विशेष कठीण. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपाटातल्या सुती कपड्यावर बुरशीचे ठिपके उठतात. जुन्या फौजी शर्टांना कडक इस्त्रीसाठी खळ घातलेली असे आणि खळ म्हणजे कसरीचे पक्वान्न. तेव्हा अशा शर्टाची खळ काढून टाकावी, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुतलेल्या मऊ सुती कापडात सैल गुंडाळावा आणि ऊन-वारा पडला की सावलीत उघडा करून ठेवावा. आपल्या आज्या नऊवारी शालू जपत तसाच.

आता या कथेतला आपला भाग. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांवर हिंदी सैनिक लढले. आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीच्या डोंगरांत, ब्रह्मदेशाच्या जंगलात. बेळगाव १९२२ पासून ज्यांचे घर आहे, त्या मराठा पलटणींतले नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईतील पराक्रमासाठी मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या लाखो माणसांचे आणि त्यांच्याबरोबर लढणाऱ्या गोऱ्या पलटणींचेही बरेचसे सुती कपडे हिंदुस्थानातच विणले आणि शिवले गेले. ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी रंग उठून दिसतो हे ध्यानात आल्यावर सुरुवातीला खाकी कपडेच हिरव्या रंगात बुडवून काम भागवले, मग जंगली हिरव्या रंगाचे कापड निघाले. जाळीदार विणीच्या एअरटेक्स कापडाचे शर्टही इथे शिवले जात. या हिंदी बनावटीच्या कपड्यांवर बाणाच्या सरकारी खुणेबरोबर 'आय' हे अक्षर असे, इंडियाचे. कॅनडाचा बाण 'सी' अक्षराच्या पोटात असतो, तसा हा आपला.

आज परदेशी संग्राहक हे हिंदी बनावटीचे शर्ट हौसेने शोधतात. पण त्या कापडाची दुसरी बाजू त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. गिरण्यांचे माग सैन्यासाठी चालत होते तेव्हा देशात कापडाची भीषण टंचाई झाली. १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला, गरिबांसाठी ठरीव भावाचे 'स्टँडर्ड क्लॉथ' आणावे लागले. बंगालात तर अन्नाच्या दुष्काळापाठोपाठ कापडाचा दुष्काळ पडला. सैनिकाच्या अंगावरचा तो जाळीदार शर्ट कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

आणि ते शर्ट घालणाऱ्यांच्या घरी आज काय आहे? बहुधा काहीच नाही. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, सावंतवाडी, बेळगावकडच्या खेड्यांत लढाईवरून परतलेल्या माणसाचा खाकी सदरा शेतात घातला गेला, ठिगळे लावून घातला गेला आणि शेवटी वाकळेत शिवला गेला. पदक ट्रंकेत राहिले, कारण ते धातूचे होते. शर्ट राहिला नाही, कारण तो उपयोगाचा होता. यात दोष कुणाचा नाही. गरिबीत वस्तू जपण्याची रीत म्हणजे ती शेवटच्या धाग्यापर्यंत वापरणे. पण परिणाम असा, की अमेरिकन शिपायाचा शर्ट जगभर हजारोंनी मिळतो, त्याच्या तंतोतंत नकला मिळतात, आणि ज्या देशात खाकी जन्मली तिथल्या शिपायाचा शर्ट पाहायचा तर काचेआड एखाददुसरा. त्यात आणखी एक विनोद म्हणजे, परदेशांत विकल्या जाणाऱ्या स्वस्त फौजी नकलांपैकी बऱ्याच आपल्याच उपखंडात शिवल्या जातात.

जाता जाता एक इशारा द्यायला हवा. परदेशी सैन्याचा पन्नास वर्षांपूर्वीचा शर्ट हौसेने घालणे एक, आणि आपल्या सैन्याचा आजचा गणवेश बाजारात घेऊन मिरवणे दुसरे. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली येतो. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी वेशात आले होते. त्यानंतर असले कपडे विकू-घालू नयेत, असे आवाहन सैन्याने केले. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश समोर आला आणि नंतर त्याच्या नक्षीची रीतसर नोंदणीही करून घेतली गेली. बनावट गणवेश हा तिथे शौकाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. नक्कल कुठे विद्या ठरते आणि कुठे दगा, याची सीमारेषा याहून ठळक काढता येणार नाही.

नव्या नकलेने जुन्या शर्टाचा अपमान होतो, असे मला वाटत नाही. उलट जपानी विणकराने सूत मोजून पुन्हा विणलेला शर्ट ही मूळ कारागिराला दिलेली मानवंदनाच आहे. फक्त तिने आपले वय खरे सांगावे. आणि अस्सलाने आपला माणूस गमावू नये. नाव-गाव-पलटण तुटलेला जुना शर्ट म्हणजे विनापत्त्याचे पाकीट. तो बाजारात विकला जाईल, पण पोचणार कुठेच नाही.

म्हणून, ज्यांच्या पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत अजून आजोबांचा एखादा खाकी किंवा हिरवा सदरा उरला असेल, त्यांना एक विनंती. तो धुऊन, इस्त्री करून नवा करू नका. कुणी चांगला भाव सांगितला तरी घाई करू नका. एका सुती पट्टीवर पक्क्या शाईने लिहा, हा कुणी घातला, कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, कोणत्या मुलखात. आणि ती पट्टी शर्टाला टाचू नका, सोबत ठेवा. पुढे कधी कुणाला त्याची नक्कल करावीशी वाटली, तर निदान मूळ कुठे होते हे कळेल.